कादंबरीतल्या प्रसंगाचं जलरंगचित्र मळकट होतंय? दोष शोधायचा क्रम

प्रसंग वाचताना डोळ्यांसमोर लख्ख उभा राहतो. बाहेर पाऊस, दारात कंदील घेऊन थबकलेली बाई, तिच्या मागे काळोखं घर. कागदावर मात्र तो उतरतो तेव्हा सगळ्यावर एक राखी-तपकिरी थर बसल्यासारखा दिसतो. कंदील आहे पण उजेड नाही, पाऊस आहे पण ओल नाही. हा दोष घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांनी कारण आधीच ठरवलेलं असतं: हात कच्चा आहे, नाहीतर रंग हलके आहेत. ही दोन्ही कारणं क्वचितच खरी निघतात. रंग मळण्याची कारणं मोजकी आहेत आणि ती क्रमाने तपासली तर दोष सापडतोच.

समोर बसून निसर्गचित्र करणाऱ्यापेक्षा कादंबरीवरून चित्र काढणाऱ्याचा रंग जास्त वेळा मळतो. निसर्गचित्रात उजेड समोर असतो, शंका आली की मान वर करून बघता येतं. कादंबरीतला उजेड फक्त वाक्यांत असतो आणि तो दोन-तीन पानांवर विखुरलेला असतो. शिवाय मनात घर करणारे प्रसंग बहुधा तिन्हीसांजेचे, रात्रीचे, पावसातले किंवा दिव्याच्या उजेडातले असतात. म्हणजे गडद छटा, खूप थर आणि वारंवार दुरुस्त्या. जलरंगाला नेमक्या याच तीन गोष्टी सोसत नाहीत.

लक्षणं

आधी आपल्या चित्रात यांपैकी काय दिसतंय ते बघा. एकापेक्षा जास्त दिसत असतील तर सगळी लिहून ठेवा.

- ओलं असताना रंग तजेलदार होता, वाळल्यावर मेला.
- सावल्यांचा रंग सांगता येत नाही. निळ्या म्हणाव्यात तर निळ्या नाहीत, तपकिरी म्हणाव्यात तर तपकिरी नाहीत.
- दिवा, खिडकी, चंद्र यांना पिवळा रंग दिलाय, पण ते उजळत नाहीत.
- सपाट वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या थरात, फुलकोबीसारख्या कडा उमटल्यात.
- काही ठिकाणी रंग कागदात खोल शिरून गडद, निस्तेज ठिपके पडलेत.
- एखाद्या भागात, बहुतेक वेळा चेहऱ्यावर, कागद केसाळ झालाय किंवा त्याच्या बारीक गोळ्या निघतायत.
- चित्र केलं तेव्हा उत्तम होतं, काही महिन्यांनी उतरलं.

शेवटचं लक्षण असेल तर मधल्या तपासण्यांत वेळ घालवू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

एक फरक मात्र आधीच करायला हवा: धूसर चित्र आणि मळकट चित्र. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुनसो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले. त्यांच्या रेषाविरहित, धुक्यासारख्या शैलीला जपानमध्ये ‘मोरोताई’, म्हणजे अस्पष्ट शैली, म्हणून हिणवलं जात होतं. त्यांच्या कामावरून बंगाली चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी आपली वॉश पद्धत घडवली. रंगवलेला कागद पाण्यात बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा रंगवायचा. त्यांची चित्रं मंद आहेत, अंधुक आहेत, तरी मळकट नाहीत, कारण त्या अंधुकपणात प्रत्येक जागेचा रंग उबदार आहे की थंड हे स्पष्ट कळतं.

हीच कसोटी आपल्या चित्राला लावा. पांढऱ्या कागदाला नखाएवढं भोक पाडा, चित्राच्या संशयित भागावर ठेवा आणि भोकातून दिसणाऱ्या रंगाचं नाव सांगा. ‘निळसर करडा’, ‘तांबूस काळा’ असं उत्तर पटकन आलं तर रंग मळलेला नाही. तो चुकीच्या जागी असेल किंवा त्याच्या शेजारचा रंग चुकला असेल. नाव सुचतच नसेल तर रंग खरोखर मळलाय.

१. वाळू द्या आणि योग्य उजेडात बघा

याला काहीच खर्च नाही, म्हणून हे पहिलं. जलरंग वाळला की फिकट होतो. ओल्या कागदावर पाण्याचा गुळगुळीत पापुद्रा असतो, त्यामुळे रंग खोल दिसतो. पाणी उडालं की कागदाच्या खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्याच रंगावर पांढरट झाक येते. ओलं बघून ‘बरोबर झालं’ ठरवणाऱ्याचं चित्र वाळल्यावर एक पायरी फिकं होणारच. मग तो वर आणखी एक थर चढवतो, मग आणखी एक, आणि मळायला तिथूनच सुरुवात होते.

दुसरं म्हणजे दिवा. रात्री पिवळ्या बल्बखाली रंगवलेलं चित्र दिवसा वेगळं दिसतं. पिवळ्या उजेडात निळे रंग मरगळतात, म्हणून आपण नकळत जास्त निळा घालतो, आणि सकाळी सगळी सावली जड झालेली असते. चित्र खिडकीशी न्या, पण थेट उन्हात धरू नका. भोवती पांढऱ्या कागदाच्या चार पट्ट्या ठेवून बघा. टेबलाच्या तपकिरी पृष्ठभागावर मळकट भासलेली चित्रं पांढऱ्या चौकटीत स्वच्छ दिसलेली मी पाहिली आहेत. तसं झालं तर काम संपलं.

२. पाणी, ब्रश, पॅलेट

स्वच्छ वाटणाऱ्या ब्रशने स्वच्छ वाटणारं पाणी कोऱ्या पांढऱ्या कागदावर फिरवा आणि वाळू द्या. डाग राहिला तर दोष इथे आहे. ब्रशच्या धातूच्या पट्टीत, केसांच्या मुळाशी, रंग साठून राहतो. वरवर धुतल्याने तो जात नाही आणि दाबून रंगवताना बाहेर येतो.

पाण्याची दोन भांडी ठेवा. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी फक्त रंगात मिसळायला आणि कागद ओला करायला. पिवळ्याचा खण रोज तपासा, कारण कंदिलाचा सगळा उजेड पिवळ्यावर अवलंबून असतो आणि पिवळाच सगळ्यात लवकर बाटतो. जरासा निळा लागला की तो हिरवट होतो, जरासा जांभळा लागला की थेट तपकिरी. वरचा मळलेला थर ओल्या कापडाने टिपून काढला की खालचा रंग चांगला असतो.

३. चित्राचा कृष्णधवल फोटो काढा

फोनवर फोटो काढा, त्यातला रंग काढून टाका आणि बघा. सगळ्या तपासण्यांत मला हीच सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून इथे थोडं थांबते.

‘रंग मळले’ अशी तक्रार असलेल्या चित्रांत पुष्कळदा रंग ठीक असतात, उठाव नसतो. कृष्णधवल फोटोत सगळं चित्र मधल्या करड्यात जमा झालेलं दिसतं. कंदील मधला करडा, चेहरा मधला करडा, भिंत मधली करडी. डोळ्याला उजेड जाणवतो तो शेजारच्या अंधारामुळे. पिवळा कितीही शुद्ध असला तरी भोवतीची भिंत त्याच्याच तोडीची फिकट असेल तर तो दिवा न वाटता पिवळा डाग वाटतो. मग रंगवणारा पिवळ्यावर नारिंगी, नारिंगीवर लाल चढवत जातो आणि दिवा विझत जातो. जलरंगात सगळ्यात उजळ गोष्ट म्हणजे कोरा कागद. उजेड पारदर्शक रंगातून आत जातो, कागदावर आदळतो आणि परत येतो. प्रत्येक थर त्यातला काही उजेड गिळतो. दिव्याच्या ज्योतीच्या जागी थर जितके कमी तितकी ज्योत उजळ.

फोटोत दोष दिसला तर त्याच चित्रावर पुढचे उपाय याच क्रमाने करून बघा. पहिला, उजळ जागेला हात न लावता तिच्या लगतचा अंधार गडद करा. एकच पारदर्शक गडद रंग घ्या आणि रुंद ब्रशने एका फटक्यात लावा. कंदिलाच्या अगदी जवळ तो पाण्याने विरवा. पुष्कळ चित्रं एवढ्यानेच उभी राहतात. दुसरा, उजेडाची जागा परत मिळवा: ताठ केसांचा ब्रश नुसता ओलसर करून ती जागा हलकेच चोळा आणि टिपकागदाने टिपा. तिसरा, अगदी बारीक उजेडासाठी, म्हणजे पावसाची एखादी सर किंवा कंदिलाच्या तारेवरची चमक, पूर्ण वाळलेला कागद पात्याच्या टोकाने खरवडा. इंग्लिश चित्रकार टर्नर आपल्या जलरंगांत नखाने असा प्रकाश काढत असे. हे सगळ्यात शेवटी करायचं, कारण खरवडलेल्या जागेवर पुन्हा वॉश दिला तर तिथे काळपट ओरखडा उमटतो.

अपारदर्शक पांढरा वापरू का, असं पुष्कळजण विचारतात. ठिपक्यापुरता वापरा. दिव्याच्या मोठ्या भागावर तो लावला की थंड, खडूसारखा दिसतो. लावलाच असेल तर पूर्ण वाळल्यावर वरून पातळ पिवळ्याचा एक थर द्या, पण तो एकदाच आणि न चोळता, नाहीतर खालचा पांढरा सुटून पिवळ्यात मिसळेल.

४. ट्यूबवरचे रंगद्रव्यांचे क्रमांक वाचा

ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत क्रमांक असतात. अल्ट्रामरीन निळ्याचा पीबी २९, थॅलो निळ्याचा पीबी १५, बर्न्ट सिएनाचा बहुधा पीबीआर ७. हा क्रमांक म्हणजे खऱ्या रंगद्रव्याची ओळख. ट्यूबचं नाव कंपनी काहीही ठेवू शकते, क्रमांक बदलत नाही.

का बघायचं? प्रत्येक रंगद्रव्य उजेडातला ठराविक भाग गिळतं. दोन द्रव्यं मिसळली की दोन भाग गेले. पाच मिसळली की परत यायला फारसं काही उरत नाही, आणि जे उरतं ते बिननावाचं करडं असतं. आपण तीनच ट्यूब मिसळल्या असं वाटतं, पण तयार गडद रंगांत बहुधा आधीच दोन-तीन द्रव्यं असतात. पेन्स ग्रे म्हणून मिळणारा रंग बहुतेक वेळा निळा अधिक काळा असतो. इंडिगोतही बहुधा काळा असतो, सॅप ग्रीन साधारणपणे हिरवा अधिक पिवळा. रात्रीच्या प्रसंगासाठी लोक नेमके हेच रंग उचलतात आणि एकमेकांत मिसळतात.

अंधारासाठी माझा नियम साधा आहे. दोन द्रव्यं घ्यायची, तिसरं घालायचं तर कारण सांगता आलं पाहिजे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ही जोडी निळ्याकडे झुकवली तर पावसाळी आकाश देते, सिएनाकडे झुकवली तर दिव्याजवळची उबदार सावली. दोन्ही एकाच कुळातले असल्यामुळे चित्र एकसंध राहतं. आणखी खोल काळोख हवा असेल तर थॅलो हिरवा (पीजी ७) आणि क्विनॅक्रिडोन गुलाबी (पीव्ही १९) घ्या. दोन्ही पारदर्शक आहेत आणि दाट मिसळले तर जवळजवळ काळा रंग मिळतो, तरी त्यातून उजेड ये-जा करतो. शक्य असेल तर दोन्ही रंग पॅलेटवर घोटून एकजीव करू नका, कागदावरच अर्धवट मिसळू द्या. सावलीच्या एका टोकाला निळा आणि दुसऱ्या टोकाला तांबडा ओळखू आला तर ती सावली श्वास घेते.

पारदर्शकताही इथेच तपासून घ्या. पाण्याने न पुसली जाणारी काळी रेघ ओढा, ती वाळली की तिच्यावर आपला प्रत्येक रंग आडवा फिरवा. रेघेवर दुधाळ पडदा दिसला तर रंग अपारदर्शक आहे. कॅडमियमचे पिवळे-लाल आणि पांढरा मिसळलेले सगळे तयार रंग या बाजूला पडतात. ते वाईट नाहीत. शेवटी, वरून, थोडे वापरले तर छानच दिसतात. गडद भागावर पातळ करून फिरवले मात्र तर काळोखावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं.

५. हात कधी लावलात, किती वेळा लावलात

वॉश वाळताना तीन अवस्थांतून जातो. आधी कागद चकाकतो, तेव्हा रंग मोकळेपणी पसरतो. मग चकाकी जाते पण कागद ओलसर असतो. शेवटी तो कोरडा होतो. सगळं नुकसान मधल्या अवस्थेत होतं. तेव्हा जास्त पाण्याचा ब्रश टेकला तर ते पाणी अर्धवट बसलेल्या रंगाला ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे फुलकोबीसारखी कड उमटते. अशा अवस्थेत फक्त ब्रशमधला रंग कागदावरच्या रंगापेक्षा दाट असेल तरच लावायचा. कागद वाळलाय का हे नजरेने ठरवू नका, हाताची पाठ लावून बघा. गार लागला तर आत पाणी आहे. हेअर ड्रायर वापरायचाच तर चकाकी गेल्यावर, आणि लांबून. चकाकी असताना हवा मारली तर रंग हवेबरोबर सरकतो.

थरांचंही तसंच. जलरंगाला कागदाशी धरून ठेवतो तो बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, म्हणजे गम अरेबिक, आणि तो पाण्यात पुन्हा विरघळतो. नवा थर लावताना ब्रश तीच जागा तीनदा घासून गेला तर खालचा रंग सुटतो आणि वरच्यात कालवला जातो. आपण थरावर थर देतोय असं वाटतं, प्रत्यक्षात कागदावरच रंग मिसळत असतो. म्हणून रुंद मऊ ब्रश, भरपूर रंग आणि एकच फटका. थॅलोसारखे कागदाला घट्ट धरून बसणारे रंग खाली ठेवा, सहज सुटणारे दाणेदार रंग वर. अल्ट्रामरीन आधी देऊन त्यावर तीन-चार थर चढवणाऱ्यांची सावली मळते ती याच कारणाने.

कादंबरीच्या चित्रांत सगळ्यात जास्त मळतो तो चेहरा. त्या पात्रावर वाचणाऱ्याचं प्रेम असतं. तो चेहरा मनातल्यासारखा येईपर्यंत हात थांबत नाही आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेत दहा दुरुस्त्या होतात. एवढ्या लहान चेहऱ्यात भाव रंगवायचा प्रयत्न सोडून द्या. मान किती झुकली आहे, खांदे वर आलेत की खाली, हात दाराच्या चौकटीवर आहे की कंदिलावर घट्ट आवळलाय, यावरून वाचकाला पात्र ओळखू येतं. चेहऱ्याला एक उबदार वॉश आणि सावलीचा एक थर पुरतो.

६. कागद

आधीच्या तपासण्यांत काही सापडलं नाही आणि गडद ठिपके किंवा केसाळपणा दिसतोय, तर कागद तपासा. त्याच कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. चांगल्या कागदावर तो काही वेळ फुगीर बसून राहतो. लगेच शोषला गेला आणि मागच्या बाजूला ओल आली तर कागदाचं सायझिंग गेलंय. सायझिंग म्हणजे जिलेटिन किंवा तत्सम द्रव्याची प्रक्रिया. तिच्यामुळे रंग कागदाच्या वरच्या थरात राहतो आणि उजेड त्याच्यापर्यंत पोचून परत येतो. दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कागदाचं सायझिंग जागोजागी निकामी होतं. तिथे रंग तंतूंत बुडतो आणि कुठल्याही पाण्याने, कुठल्याही ब्रशने वर येत नाही. असा कागद जलरंगासाठी संपला. पेन्सिल, शाई, पोस्टर कलर यांना तो चालतो.

कागदाच्या जाडीचंही बघा. ३०० जीएसएमपेक्षा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पातळ कागद ताणून न बसवता ओला केला की फुगतो, खळग्यांत रंगाची डबकी साचतात आणि प्रत्येक डबक्याला कड येते. लाकडाच्या लगद्याचा कागद एक-दोन वॉशपर्यंत सुंदर काम करतो. पण त्यावरून रंग सहज सुटतो, त्यामुळे रात्रीच्या प्रसंगाला लागणारे चार-पाच थर त्याला पेलत नाहीत. अशा कामाला शंभर टक्के कापसाचा कागद घ्यावा. रंगांपेक्षा कागदावर आधी खर्च करा, असंच मी सांगेन.

७. पुस्तक पुन्हा उघडा

सगळ्यात अवघड तपासणी शेवटी, कारण इथे दोष सापडला तर चित्र नव्याने करावं लागतं.

तो उतारा पेन्सिल हातात घेऊन वाचा आणि तीन गोष्टी शोधा. वेळ कोणती? उजेड कुठून येतो, एकाच ठिकाणाहून की दोन? आणि चित्र नेमकं कोणत्या वाक्याचं आहे? लेखक तीन पानांत पाऊस सुरू करतो, दिवा लावतो, बाईला दारात आणतो, तिला वीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवते, मग पाऊस थांबतो. वाचकाच्या मनात हे सगळं एकाच चित्रात जमा होतं. कागदावर ते एकाच वेळी मावत नाही. पाऊस सुरू असतानाचा थंड करडा आणि थांबल्यानंतरचा ओला, चमकता उजेड एकाच आकाशात रंगवायला गेलं की आकाश मळतं, मग पाणी स्वच्छ असो, रंग दोनच असोत.

रंगांची नावंही पुस्तकातून जशीच्या तशी उचलू नका. लेखकाने लाल शाल लिहिली की आपण लाल ट्यूब उघडतो. पण संध्याकाळ गडद होत जाते तसे डोळ्याला लाल रंग आधी काळे दिसू लागतात, निळे-हिरवे जास्त वेळ तग धरतात. यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. त्यामुळे शालीचा जो पदर कंदिलाच्या उजेडात आहे तो नारिंगीकडे झुकलेला तेजस्वी लाल, आणि जो दाराबाहेरच्या काळोखात आहे तो जवळजवळ काळा. दोन्हीकडे सारखाच लाल देऊन मग सावलीसाठी त्यावर निळा-तपकिरी फिरवत बसलं की शाल मळते. निळ्या लुगड्याचं उलट आहे. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात ते निळं दिसत नाही, करडं आणि गडद दिसतं. त्यावर शुद्ध निळा दिला तर उजेडाचा सगळा भास तुटतो.

मग पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी चौकट आखा आणि फक्त तीन छटांत प्रसंग मांडा: कोरा कागद, मधला करडा, काळा. कोरा कागद कुठे ठेवायचा हे आधी ठरवा. दारातल्या बाईच्या चित्रात मी तो कंदिलाच्या काचेला आणि तिच्या गालाच्या एका कडेला देते, बाकी कुठेही नाही, ओल्या अंगणातल्या प्रतिबिंबालाही नाही. प्रतिबिंब मधल्या छटेत जातं. अशा चार-पाच चौकटी करा आणि जिच्यात प्रसंग तीन छटांतच ओळखू येतो ती निवडा. एकीतही ओळखू येत नसेल तर वाक्य बदला, त्या उताऱ्यातलं दुसरं घ्या.

कधी थांबायचं, कुणाकडे जायचं

कागदाचे तंतू वर येऊ लागले की चोळणं त्या क्षणी थांबवा. त्यानंतर तिथे लागलेला प्रत्येक थर जास्त गडद आणि जास्त मळका बसेल. एकाच जागी दोनदा रंग उचलूनही उजेड परत आला नाही तर तिसऱ्यांदा येत नाही. नवा कागद घ्या. जुनं चित्र फेकू नका, शेजारी ठेवा. कोणत्या जागी किती गडद लागतं ते त्यावरून कळतं.

घरी अजिबात करू नये असं एक काम आहे. जुन्या चित्रावर बुरशीचे किंवा तपकिरी ठिपके आले असतील, किंवा त्याच्यावर पाणी सांडून डाग पडला असेल तर पुसू नका, ब्लीच लावू नका, उन्हात ठेवू नका. जलरंग पाण्यात सुटतो आणि बुरशी पुसताना पसरते. चित्र आडवं, कोरडं, बाकीच्या कागदांपासून वेगळं ठेवा आणि कागदाच्या जतनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. संग्रहालयांत आणि अभिलेखागारांत असे लोक असतात किंवा तिथून त्यांचा पत्ता मिळतो.

काही महिन्यांत, वर्षांत उतरलेला रंग हा मळ नसतो. ते रंगद्रव्य उजेडाने उडालेलं असतं. रसेल आणि ॲबनी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८८८ साली जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा अहवाल मांडला तेव्हापासून हे पक्कं माहीत आहे. संध्याकाळच्या आकाशासाठी लोकांचा आवडता जुना अलिझारिन क्रिमझन (पीआर ८३) यात आघाडीवर आहे. त्याचा लाल हळूहळू उडून जातो. उडालेला रंग कुणीच परत आणू शकत नाही, तज्ज्ञही नाही. पुढच्या चित्रात त्याऐवजी पीव्ही १९ घ्या.

सगळ्या तपासण्या झाल्या, कागद चांगला, पाणी स्वच्छ, इतरांना चित्र ठीक दिसतंय आणि तरी आपल्याला निळे रंग सतत मळके, पिवळट लागत असतील, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, विशेषतः वय वाढलं असेल तर. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेला १९१२ साली मोतीबिंदूचं निदान झालं आणि १९२३ साली शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळातल्या त्याच्या चित्रांत तांबडे-तपकिरी रंग किती वाढले ते पाहता येतं. ही तपासणी पुढे ढकलू नका.

आणि चित्र मुखपृष्ठासाठी असेल, मूळ चित्र स्वच्छ असेल आणि फक्त छापील प्रत मळकट येत असेल, तर ब्रश उचलूच नका. जलरंगातले शुद्ध निळे-जांभळे छपाईच्या चार शायांत पूर्ण उतरत नाहीत आणि फोनने काढलेल्या फोटोत कागदाच्या पोताची सावली सगळीकडे करडी झाक आणते. मूळ चित्र व्यावसायिक स्कॅनरवर स्कॅन करून घ्या, छपाईपूर्व काम करणाऱ्याला मूळ चित्र शेजारी ठेवून रंग जुळवायला सांगा आणि पूर्ण छपाईआधी, पुस्तकासाठी ठरलेल्या कागदावरच, रंगीत प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मागा.